साहेबांनी अंगावर घेतलं

आज बीकेसीत क्लायंटसमोर रिव्ह्यू होता. टीममधल्या नव्या मुलीने केलेल्या शीटमध्ये मागच्या तिमाहीचा कॉलम तसाच राहिला होता आणि तो नेमका क्लायंटच्याच नजरेस पडला. पोरीचा चेहरा पांढराफटक. आमचे साहेब शांतपणे म्हणाले, "शीट मी पाहून पाठवली होती. जबाबदारी माझी. संध्याकाळपर्यंत दुरुस्त करून देतो." विषय तिथेच संपला.

मला जास्त भावलं ते नंतरचं. ऑफिसात आल्यावर तिला शेजारी बसवलं, फॉर्म्युला कुठे तुटला ते तिलाच शोधायला लावलं. पाऊण तास लागला, पण माउसला स्वतः हात लावला नाही. सुधारलेला मेल तिच्याच नावाने गेला. वर, "पुढच्या महिन्यात प्रेझेंटेशन तू करायचंस!"

१९७९ मध्ये एसएलव्ही-३ या रॉकेटचं पहिलं उड्डाण फसलं, तेव्हा इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन स्वतः पत्रकारांना सामोरे गेले. १९८० मध्ये यश आलं, तेव्हा त्यांनी प्रकल्पप्रमुख अब्दुल कलामांना पुढे केलं. ट्रेनिंगमध्ये ही गोष्ट आपण सगळ्यांनीच ऐकलीय. तरी एस्केलेशन आलं, म्हणजे तक्रार वरपर्यंत गेली, की ज्युनियरचं नाव पुढे करणारे मॅनेजर मी खूप पाहिलेत, आणि त्यांच्या हाताखालची चांगली पोरं निघून जातानाही पाहिलीत. पगाराचं कारण असतं, नाही असं नाही. पण तेवढंच नसतं.

मॅनेजरच्या अप्रेझलमध्ये एक प्रश्न हवाच: या वर्षी तुमच्या हाताखालचं कोण तुमचं काम सांभाळण्याइतकं तयार झालं? आमच्या फॉर्मवर तो नाही. उद्या एचआरला तसं लेखी देणार आहे.