आरशातून निघालेला राजपुत्र

दारव्ह्याच्या एका संगणक वर्गात ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा संगणकीय खेळ प्रथम पाहिला, तेव्हा कापूसपट्ट्यातील आम्हा मुलांना सर्वाधिक थक्क केले ते त्यातील राजपुत्राच्या चालण्याने. तोवर पाहिलेल्या खेळांतील आकृत्या नुसत्या सरकत असत. हा मात्र धावता धावता थांबताना तोल सावरी, कडेला लोंबकळून अंग वर खेचून घेई आणि उडी चुकली की खालच्या सुळ्यांवर पडून प्राण सोडी.

या जिवंतपणाचे कारण मला पुष्कळ वर्षांनी वाचायला मिळाले. खेळाचे निर्माते जॉर्डन मेकनर यांनी आपल्या धाकट्या भावाला धावताना व उड्या मारताना चित्रित केले आणि त्या फितीतील एकेक चौकट गिरवून राजपुत्राच्या हालचाली घडवल्या. १९८९ मध्ये हा खेळ प्रथम ॲपल टू संगणकासाठी आला. त्या यंत्राची मेमरी इतकी तोकडी होती की नवा प्रतिस्पर्धी रेखाटायला जागाच उरली नव्हती, म्हणून राजपुत्राच्याच चित्रांवर गणिती प्रक्रिया करून आरशातून बाहेर पडणारी त्याची छाया निर्माण करण्यात आली. अभावातून सुचलेली ही कल्पना मला त्या खेळातील सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

राजकन्येपर्यंत ६० मिनिटांत पोहोचायचे असे आणि आमच्याकडे भारनियमन असल्याने ती मिनिटे सलग मिळणे दुर्मीळच होते. तरीही शेवटाकडे छाया समोर उभी ठाकली, तेव्हा घाई कुणालाच सुचली नाही. तिच्यावर केलेला प्रत्येक वार आपल्यालाच लागतो आणि तलवार म्यान केल्यावरच दोघे एकरूप होतात, हे आम्ही एकमेकांना विचारत, पडद्याकडे टक लावून शोधून काढले.