बैगाचकला जाताना: बेवर, बांधी आणि कोठीतलं धान्य

आधीच सांगते, बैगाचक ज्या दिंडोरीत आहे, ती नाशिकची नव्हे. मध्य प्रदेशातली, नर्मदाकाठची. नागपूरहून जबलपूर, तिथून कुंडम-शहापुरामार्गे साधारण दीडशे किलोमीटर. मुक्काम दिंडोरीत करा, पुढे गाडी ठरवूनच जा.

१८९० मध्ये इंग्रजांनी बैगा आदिवासींची फिरती शेती, म्हणजे बेवर, इथल्या मोजक्या गावांपुरती बांधून टाकली. तोच बैगाचक. झाडोरा तोडून वाळवायचा, पावसाआधी जाळायचा नि राखेत बी फोकायचं. नांगर नाही, धरणीमायची छाती फाडायची नाही. दोन-तीन वर्षांनी ती जागा परत रानाची.

आम्ही ऑक्टोबरअखेर गेलो. बेवरच्या उतारावर कुटकी (आपली वरी) निघून गेली होती, मडिया म्हणजे नाचणी उभी होती, तूर अजून फुलायची होती. मधूनच बरबटीचे (चवळीचे) वेल. खाली सखल भागात शेजाऱ्यांची बांधी, म्हणजे बांध घातलेलं शेत, नांगरलेली, सगळा धान (भात). त्यांची कोठी मोठी.

“वर्षाला किती पिकतं?” मी बेवरवाल्या घरच्या दाईंना (इथे आईला दाई म्हणतात) विचारलं. त्यांनी पोती सांगितली नाहीत, महिने मोजले: भादोत कुटकी, मग मडिया, शेवटी तूर. शेजाऱ्यांकडे धान एकदम येतो, त्यातला काही उधारीपायी विकला जातो आणि सावन-भादोत कोठीचा तळ दिसतो. मला हे फार लागलं. आपण अन्नाचा पुरवठा क्विंटलात मोजतो आणि रिकामे महिने विसरतो. अर्थात बेवरचे तुकडे आता लहान झालेत, आणि रेशनचा तांदूळ दोन्ही घरांत शिजतो.

म्हणून तुम्ही गेलात तर “कोणत्या महिन्यात काय खाता?” हेच विचारा. सप्टेंबर-ऑक्टोबर गाठा, उन्हाळ्यात पिकं दिसणार नाहीत. गावातलं माणूस सोबत असल्याशिवाय बेवरात शिरू नका. बेवरचे फोटो ठिकाणासकट कुठेही टाकू नका, जंगल खात्याशी हा जुना वाद आहे. गोंदणाचे फोटो विचारूनच. दुपारी पेज पुढे आली तर नाही म्हणू नका. शब्दही आपलाच आहे. पावसात भिजलेला कोदो (आपला कोद्रा) मात्र घेऊ नका, बुरशीने तो विषारी होतो.

आणि आठवण म्हणून बी मागू नका. सिलपिडीच्या लहरीबाईंनी भरड धान्यांचे दीडशेहून अधिक वाण जपलेत. त्या बी देतात ते पेरणाऱ्याला, पीक आल्यावर परत मिळावं या बोलीवर.