पाय खाली गेला, ब्रेक लागलाच नाही

ऑक्टोबरचा रविवार, सकाळचे पावणेनऊ. भांडुपला एलबीएस मार्गालगत एका बंद कारखान्याचं काँक्रीटचं आवार आम्ही मालकाच्या लेखी परवानगीनं शिकवण्यासाठी घेतो. तिथं एका मुलाची गोल व्हीलीची, म्हणजे बाइकचं पुढचं चाक उचलून गोलात फिरण्याची, तिसरी फेरी चालू होती. पुढचं चाक हवेत, डावीकडे गोल, सगळं ठीक. आणि एकदम गोल फाकला. गाडीच्या मागचा लोखंडी बार काँक्रीटवर आपटला, ठिणग्या उडाल्या. मुलगा मागच्या मागे दोन्ही पायांवर उतरला, मनगटाला बांधलेली किल-स्विचची दोरी सुटली आणि इंजिन बंद पडलं.

‘दादा, पाय खाली गेला. ब्रेक लागलाच नाही.’

गोल व्हीली शिकवताना याच्याइतकं गंभीर वाक्य दुसरं नाही, कारण हा सगळा प्रकारच मागच्या ब्रेकवर चालतो. सरळ व्हीलीत थोडी चूक झाली तर पुढे मोकळी जागा असते, गोलात तशी सवलत नाही. चाक बॅलन्स पॉइंटच्या, म्हणजे गाडी मागच्या चाकावर आपसूक तोलली जाते त्या उंचीच्या, अलीकडे राहिलं तर ते पडू नये म्हणून रेस द्यावी लागते, रेस दिली की वेग वाढतो आणि वेग वाढला की गोल मोठा होतो. म्हणून गाडी बॅलन्स पॉइंटवर किंवा केसभर पलीकडे ठेवायची आणि उजव्या पायानं सांभाळायची. ब्रेक किंचित दाबला की गाडी मंदावते, आत कलते, गोल आवळतो. सोडला की इंजिन ओढतं, गाडी सरळ होते, गोल फाकतो. त्याच ब्रेकनं पुढचं चाकही खाली येतं, त्यामुळे दाब टिचकीएवढाच हवा, आणि तो सतत, सेकंदाला दोन-तीनदा.

आकड्यांत सांगायचं तर साडेचार मीटर त्रिज्येच्या गोलात ताशी 13 किलोमीटर वेगानं फिरताना गाडी साधारण 16-17 अंश आत कललेली असते आणि एक फेरी आठेक सेकंदांत होते. त्या आठ सेकंदांत पाय वीस वेळा बोलतो. पायाखालचं पेडल विश्वासाचं नसेल तर शिकणारा मनातून हादरतो, आणि मग महिनाभर त्याचा पाय मोकळा होत नाही.

गाडी त्याचीच, 200 सीसीची, तीन वर्षं जुनी. साखळीच्या चक्रांचे (स्प्रॉकेटचे) मूळचे दात पुढे 14, मागे 39. आम्ही पुढे 13 आणि मागे 49 केले होते, मागचं स्प्रॉकेट साकीनाक्याच्या एका गाळ्यात कापून घेतलेलं. या बदलानं त्याच आरपीएमला गाडी सुमारे 26 टक्के हळू चालते, आणि पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडूनही फेरी मारता येते. मागे दहा दात वाढले की जुनी साखळी पुरत नाही. चार ते सहा कड्या जास्त लागतात, चाक किती पुढे-मागे सरकतं त्यावर. मागच्या टायरमध्ये हवा 15 पीएसआय. यापेक्षा फार कमी केली की ट्यूबलेस टायर रिमच्या कडेला हवा सोडायला लागतो. इंजिन ऑइल 200 मिली जास्त, कारण गाडी उभी झाली की ऑइल मागे जातं आणि पंपानं हवा ओढली तर क्रँकचे बेअरिंग पहिल्यांदा बळी पडतात. एबीएसचा, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा, फ्यूज काढलेला. मागे बारा-बार, म्हणजे गाडी घड्याळाच्या बाराच्या काट्यासारखी उभी राहिली तर तिला टेकायला लागणारा लोखंडी सांगाडा. त्या दिवशी पाठीवर पडणं टळलं ते या बारामुळे आणि दोरीमुळे. हे दोन्ही नसतील तर मी कुणाला गोलात जाऊ देत नाही.

अशी गाडी रस्त्यावर चालवायची नसते. ती छोट्या टेम्पोतून येते आणि टेम्पोतूनच जाते. रात्री बीकेसीत किंवा वांद्रे रेक्लमेशनला हे करणाऱ्यांवर मोटार वाहन कायद्याचं कलम 184, धोकादायकपणे गाडी चालवण्याचं, लागतं. पहिल्याच गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा एक ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. आणि रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसाचा जीव हा दंडाचा विषयच नाही.

तर ब्रेक. पेडल दाबून पाहिलं, लोण्यासारखं मऊ, तळापर्यंत गेलं. पहिला संशय हवेचा. गाडी उभी झाली की मागच्या ब्रेक ऑइलची डबी तिरकी होते. ती नीट बसवलेली नसेल तर मास्टर सिलिंडरचं, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणाऱ्या पंपाचं, भोक उघडं पडतं आणि आत हवा शिरते. पण डबीचा बेस आम्हीच वळवून घेतला होता आणि ऑइल पातळीला होतं. गळती कुठेच नाही.

मग डाव्या हाताचा हँडब्रेक दाबला, तर तो दगडासारखा कडक. हा हँडब्रेक आम्ही दोन आठवड्यांपूर्वीच लावला होता, पुढच्या टप्प्यासाठी. त्याला कॅलिपर, म्हणजे पॅडनी डिस्क पकडणारा भाग, वेगळा, मास्टर सिलिंडर वेगळा, पण डिस्क तीच. एकच डिस्क, एकच उष्णता, एक ब्रेक शाबूत आणि दुसरा गेलेला. फरक उरला तो फक्त आतल्या ऑइलचा. हँडब्रेकमध्ये सीलबंद बाटलीतलं नवं डॉट 4 दर्जाचं ब्रेक ऑइल भरलं होतं. पायाच्या ब्रेकमध्ये गाडी शोरूममधून निघाल्यापासूनचंच होतं.

तरीही खात्री करायची होती. गाडी सावलीत लावली आणि हात न लावता वीस मिनिटं थांबलो. डिस्कवर पाणी टाकायचा मोह अशा वेळी होतो. टाकू नये, तापलेली डिस्क वाकडी होते. वीस मिनिटांनी पेडल दाबलं, तर बरंचसं कडक झालेलं. इथं निदान झालं. लाइनमध्ये हवा शिरली असती तर गार झाल्यावरही पेडल मऊच राहिलं असतं. परत आलं याचा अर्थ ऑइल उकळलं होतं. वाफ दबते म्हणून पेडल खाली जातं, गार झाल्यावर वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि पेडल वर येतं.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, डबीच्या झाकणातून, रबरी पाइपातूनसुद्धा. ताजं डॉट 4 किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, त्यात 3.7 टक्के पाणी मुरलं की हीच हमी 155 अंशांवर येते. या गाडीनं मुंबईचे तीन पावसाळे काढले होते. कॅलिपरचं निपल, म्हणजे ऑइल आणि हवा बाहेर काढायचं तोंड, सैल करून ऑइल काढलं तर कटिंग चहाचा रंग. रोजच्या ऑफिसच्या वाटेवर हे कधीच कळलं नसतं, कारण तिथं मागची डिस्क एवढी तापतच नाही.

पण ती एवढी तापली का? आयडल, म्हणजे मूठ बंद असताना इंजिन किती आरपीएमला फिरतं ते, पाहिलं, 3800. आम्ही ठेवलं होतं 2600. गोलात गाडी मंदावून पडते म्हणून मुलानं सकाळी स्वतःच स्क्रू फिरवला होता. ही चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो, कारण थोडा वेळ तिचा फायदा दिसतो. मग इंजिन सतत ढकलतं, पाय सतत रोखतो, टिचकी राहत नाही, पाय पेडलवर चिकटतो. डिस्कला निळसर छटा आली होती, पॅडला काचेसारखी चकाकी.

मी त्याला एवढंच म्हटलं, ‘अरे, स्क्रूला हात लावलास तर मला सांगायचं. मी तुझा पाय बघत होतो, इंजिन नाही.’

दुरुस्ती तिथंच केली. पॅड पॉलिश पेपरवर घासून चकाकी काढली. ऑइल पूर्ण बदललं, आणि इथं एक गोष्ट हमखास चुकते. स्टंटच्या गाडीत दोन कॅलिपर बसवायला ब्रॅकेट बदलतात, त्यामुळे पायाच्या कॅलिपरचं निपल वरच्या टोकाला राहत नाही. गाडीवर बसवूनच ब्लीड केलं, म्हणजे निपलातून हवा काढली, तर वर अडकलेला बुडबुडा निघत नाही, कितीही ऑइल घाला. कॅलिपर सोडवायचा, दोन पॅडांमध्ये डिस्कच्या जाडीची पट्टी घालायची, निपल वर येईल असा धरायचा आणि मग ब्लीड करायचं. आम्हाला पाव लिटर ऑइल लागलं. आयडल परत 2600 वर.

साडेअकराला पुन्हा सुरुवात, पण चाक न उचलता. खडूनं नऊ मीटर व्यासाचा गोल, पहिला गिअर, क्लच सोडलेला, उजवी मूठ बंद, फक्त पायानं वेग. दहा फेऱ्या. पाय टिचकीवर आल्याचं दिसल्यावरच चाक उचलायला सांगितलं. नजर पुढच्या चाकावर नाही, डाव्या खांद्यावरून गोलाच्या पलीकडच्या कडेला. चौथ्या प्रयत्नात सलग पाच फेऱ्या झाल्या. थांबवलं मीच; पाच-सहा फेऱ्यांनंतर डोकं गरगरतं आणि शिकणाऱ्याला ते कळत नाही.

उतरणं मात्र अजून कच्चं होतं. चाक खाली घेताना हँडल आत वळलेलंच राहत होतं, त्यामुळे टेकताक्षणी गाडी डावीकडे झटका देत होती. ब्रेक दाबून चाक खाली आणण्याआधी फेरी थोडी फाकू द्यायची, हँडल गाडी जिकडे चालली आहे तिकडे सरळ करायचं, मग टेकवायचं. ते पुढच्या रविवारी. टेम्पोवाला बारा वाजता फाटकाशी आला होता.