टंचाईचा अल्बम : पावसाळ्यापर्यंतची प्रगती

परदेशी नाणी देशांप्रमाणे लावणं मी या वर्षी थांबवलं. आता अल्बमची मांडणी एकाच प्रश्नावर केली आहे : हे नाणं किंवा ही नोट निघाली तेव्हा कशाची टंचाई होती? धातूची, सुट्ट्या पैशांची, की पैशावरच्या विश्वासाची? महिन्याचं बजेट तेच आहे, पाचशे रुपये, टपालखर्च धरून. एवढ्यात चांदीच्या वाटेला जाता येत नाही. पण आणीबाणीचं, म्हणजे टंचाईच्या वेळी काढलेलं, चलन मुळातच जस्त, लोखंड, ॲल्युमिनियम, पुठ्ठा आणि हलक्या कागदाचं असतं. सरकारला किंवा नगरपालिकेला परवडेल तेच वापरून ते काढलेलं, त्यामुळे आज आपल्यालाही परवडतं. शिवाय देशवार लावताना जे जर्मन दहा फेनिग ‘अजून एक डबल’ म्हणून बाजूला पडायचे, ते नव्या मांडणीत पहिल्या पानावर आले.

त्या पहिल्या पानाबद्दल सविस्तर लिहिते. पहिल्या महायुद्धापूर्वीचं जर्मन दहा फेनिग (शंभर फेनिगचा एक मार्क) तांबं-निकेलचं. युद्ध सुरू झाल्यावर निकेल शस्त्रांसाठी हवं झालं, म्हणून पाच आणि दहा फेनिग लोखंडाचे पाडायला लागले. १९१७ पासून दहा फेनिग जस्ताचेही आले. एक फेनिग, जो तांब्याचा होता, तो १९१६ पासून ॲल्युमिनियमचा झाला. माझ्या पानावर आता तांबं-निकेल, लोखंड आणि जस्त असे तीन दहा फेनिग आडव्या ओळीत आहेत आणि खाली दोन एक फेनिग, तांब्याचा आणि ॲल्युमिनियमचा. पाचही मिळून तीनशेच्या आत आले. एवढ्या पैशात महायुद्धाची चार वर्षं धातूंच्या क्रमानं डोळ्यांसमोर उभी राहतात. नव्यानं सुरुवात करणाऱ्या कुणालाही मी हीच ओळ आधी पूर्ण करायला सांगेन. सोबत एक छोटं लोहचुंबक ठेवा. लोखंडी नाणं झटकन चिकटतं, जस्ताचं चिकटत नाही, आणि मळलेल्या नाण्यांच्या ढिगात डोळ्यांपेक्षा चुंबक भरवशाचं.

या हंगामातली सर्वांत आनंदाची प्राप्ती म्हणजे बेल्जियमचं १९४४ चं दोन फ्रँक. पुण्याच्या जुन्या बाजारात परदेशी चिल्लर ढिगानं विकायला असते, त्यात ते मिळालं. करड्या रंगाचं, आपल्या जुन्या पंचवीस पैशांएवढं, दिसायला अगदीच साधं. पण त्याची जन्मकथा बघा. १९४३ साली अमेरिकेला तोफगोळ्यांसाठी तांबं हवं होतं, म्हणून त्यांनी त्या वर्षी एक सेंट जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचा पाडला. पुढच्या वर्षी सेंट पुन्हा तांब्याकडे वळला आणि पोलादी चकत्या शिल्लक राहिल्या. १९४४ च्या सप्टेंबरात बेल्जियम जर्मनांच्या ताब्यातून सुटला, तिथे नाणी हवी होती, आणि फिलाडेल्फियाच्या टाकसाळीत त्याच उरलेल्या चकत्यांवर बेल्जियमसाठी अडीच कोटी नाणी पाडली गेली. म्हणजे एका देशाच्या टंचाईतून उरलेलं दुसऱ्या देशाच्या टंचाईत कामाला आलं. १९४३ चा पोलादी सेंट माझ्याकडे आधीपासून होता. आता दोघं एकाच खिशात शेजारी ठेवली आहेत. आकार एकच, रंग एकच, चुंबकाला दोघंही चिकटतात.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी व्यापलेल्या देशांची जस्ताची नाणी हा स्वस्तातला मोठा खजिना आहे. नेदरलँड्सचं पाच सेंट चौकोनी, त्यावर घराच्या छपरावरची घोड्यांची तोंडं. १९४१ ते ४३ या काळातलं. राणी विल्हेल्मिना तेव्हा लंडनमध्ये होती, आणि या नाण्यांवर तिचा चेहराही नाही. फ्रान्सची १९४२–४४ ची ॲल्युमिनियमची एक आणि दोन फ्रँक तर जरूर घ्या. ‘फ्रेंच प्रजासत्ताक’ या अक्षरांच्या जागी ‘फ्रेंच राज्य’, आणि स्वातंत्र्य-समता-बंधुता जाऊन तिथे श्रम-कुटुंब-मातृभूमी. पराभूत देशाचं राजकारण एका हलक्या नाण्यावर इतकं उघडं वाचायला मिळतं. हे नाणं मला शंभराच्या आत मिळालं, आणि माझ्या मते त्या किमतीला याहून बोलकं नाणं नाही.

भारताचं पान या भागात घालायचं की नाही यावर मी बराच विचार केला, कारण संग्रह परदेशी चलनाचा. शेवटी घातलं. युद्धाची झळ तीच आणि वर्षंही तीच. भोकाचा पैसा घरोघरी सापडतो, पण तो युद्धकाळातला काटकसरीचा पैसा आहे हे फार थोड्यांना माहीत असतं. १९४३ ते ४७ या काळात मधोमध भोक पाडून आणि आकार लहान करून त्याचं वजन जुन्या पाव आण्याच्या निम्म्याहूनही खाली आणलं. १९४२ ते ४५ मधले पिवळसर अर्धा आणा, एक आणा आणि दोन आणे निकेल-पितळेचे, कारण निकेल वाचवायचं होतं. चांदीच्या रुपयातली चांदी १९४० मध्ये ९१.७ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आली, आणि पुढे रुपया निकेलचाच झाला. कच्छ संस्थानाच्या १९४३ च्या तांब्याच्या नाण्यांनाही भोक आहे. माझ्याकडे त्यातलं एकच आहे, दोकडो नावाचं.

आता दुसरा भाग, सुट्ट्या पैशांचा. इथे कागद सुरू होतो.

१९१४ च्या ऑगस्टमध्ये युद्धाची बातमी आली आणि जर्मनीत लोकांनी नाणी घरात दडवून ठेवली. दुकानात मोड मिळेना. मग गावोगावच्या नगरपालिका, कारखाने, खाणी यांनी स्वतःच्या छोट्या नोटा काढल्या. यालाच नोटगेल्ड म्हणतात, म्हणजे आणीबाणीचा पैसा. हजारो ठिकाणांहून निघालं, म्हणून स्वस्त आणि न संपणारं. यात दोन प्रकार ओळखायला शिकलं पाहिजे. पहिला, खरोखर चलनात फिरलेला : साधी छपाई, क्रमांक, शिक्का, सही, घड्या आणि मळ. दुसरा १९२०–२२ मधला, मालिका स्वरूपातला : रंगीत, सुंदर, बहुतेक २५, ५० आणि ७५ फेनिगच्या किमतींचा, आणि संग्राहकांना विकून गावाला चार पैसे मिळावेत म्हणून छापलेला. हामेलनच्या नोटांवर उंदरांना घेऊन जाणारा बासरीवाला आहे. नाउमबुर्गच्या नोटांवर हुसाइट या बंडखोर धर्मपंथाच्या सैन्याची आणि मुलांना दिलेल्या चेरींची लोककथा क्रमानं रंगवली आहे. बीलेफेल्ड हे कापडाचं शहर, त्यांनी रेशमावर आणि लिननवरही नोटा छापल्या. अशा मालिकांवर सरकारनं १९२२ मध्ये बंदी आणली.

रंगीत मालिका पाहिल्यावर मोह होतो, मलाही होतो, आणि हामेलनची एक नोट मी घेतलीसुद्धा. पण बजेट मर्यादित असेल तर माझा कौल मळक्या नोटेला. माझ्याकडे १९१८ ची, एका लहान गावाच्या नगरपालिकेची पन्नास फेनिगची नोट आहे. चार घड्या, एका कोपऱ्यावर शाईचा डाग, शिक्का अर्धा पुसलेला. तिनं पाव-बटाटे विकत घेतले आहेत. कोऱ्या मालिकेला ते भाग्य नाही. भावही बघा : दोन्ही साधारण शंभर ते दोनशेच्या दरम्यान मिळतात, म्हणजे खऱ्या चलनासाठी जास्त मोजावं लागत नाही.

फ्रान्समध्ये हेच काम व्यापारी मंडळांनी केलं. युद्धात चांदीचा फ्रँक बाजारातून नाहीसा झाल्यावर त्यांनी आधी कागदी नोटा काढल्या आणि १९२० पासून ॲल्युमिनियम-ब्राँझची सोनेरी टोकन आली. पन्नास सांतीम, एक फ्रँक, दोन फ्रँक. बसलेला मर्क्युरी, म्हणजे रोमन लोकांचा व्यापाराचा देव, आणि किमतीच्या आधी ‘बों पूर’, म्हणजे ‘इतक्याबद्दल ग्राह्य’. ही टोकन ढिगात नेहमी असतात, पण विकणाऱ्यांना ती साधी नाणीच वाटतात. एक फ्रँक आणि दोन फ्रँक झाले, पन्नास सांतीम बाकी आहे.

युद्ध नसतानाही अशी वेळ येते, याचं माझं आवडतं उदाहरण इटली. १९७५ ते ७८ या काळात तिथे नाण्यांचा इतका तुटवडा होता की दुकानदार मोड म्हणून गोळ्या, टपाल तिकिटं आणि टेलिफोनची टोकन द्यायचे. मग बँकांनी पन्नास, शंभर, दीडशे लिरांचे इवलेसे धनादेश छापले, मिनी-असेन्यी. बोटभर लांबीचे, बँकेगणिक वेगळे, रंग प्रसन्न. आपल्याकडे सुट्ट्यांऐवजी हातात चॉकलेट ठेवलेलं आपण सगळ्यांनी पाहिलं आहे, तेव्हा हे धनादेश परके वाटत नाहीत. आमच्याच आळीत जहाजावर नोकरी केलेले एक काका आहेत. त्यांनी जपलेल्या बिस्किटांच्या डब्यात जुन्या लिरांच्या नाण्यांबरोबर असे दोन धनादेश निघाले, आणि त्यांनी ते मला देऊन टाकले. रत्नागिरीत राहण्याचा हा फायदा : प्रत्येक वाडीत कुणी ना कुणी समुद्रावर काम केलेलं असतं आणि त्यांच्याकडे बंदरांची चिल्लर असते. आपापल्या गावात आधी विचारा, विक्रेत्याकडे नंतर जा.

तिसरा भाग लहान आहे. विश्वासाच्या टंचाईत पैसा थोडा होत नाही, उलट त्याचा पूर येतो. राइखबँकेची, म्हणजे जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेची, १५ डिसेंबर १९२२ या तारखेची हजार मार्कांची नोट आहे, तिच्यावर पुढच्या वर्षी लाल शाईत आडवं ‘एक मिलिआर्ड मार्क’ असं छापलं गेलं, म्हणजे शंभर कोटी. कागद तोच, किंमत दहा लाख पट. या नोटेसाठी मी पूर्ण महिन्याचं बजेट बाजूला ठेवलं होतं, आणि त्यातले काही रुपये उरलेसुद्धा. शेजारी १९२३ चं दोनशे मार्कांचं ॲल्युमिनियमचं नाणं, वजन एक ग्रॅम. त्या वर्षी जानेवारीत डॉलरला साधारण अठरा हजार मार्क पडत होते, नोव्हेंबरात ४.२ लाख कोटी. मग रेन्टेनमार्क हे नवं चलन आलं, एक लाख कोटी कागदी मार्कांना एक. जर्मन ‘बिलिओन’ म्हणजे आपले एक लाख कोटी, शंभर कोटी नव्हेत. नोटा घेताना शून्यं मोजून घ्या, कारण वर्णनात याची गल्लत वारंवार दिसते.

याच भागात जपानी सरकारनं ब्रह्मदेशासाठी छापलेली दहा रुपयांची नोट आहे. १९४२ नंतर जपाननं व्यापलेल्या देशांत असं चलन वाटलं. ब्रह्मदेशाला रुपये, मलायाला डॉलर, फिलिपिन्सला पेसो. माझ्या नोटेवर क्रमांक नाही, फक्त ‘बी’पासून सुरू होणारी अक्षरं, बी म्हणजे बर्मा. युद्ध संपलं आणि ती कागदाचे तुकडे झाली. आपल्याकडे ती सहज आणि स्वस्तात मिळते. ज्या गावात, म्हणजे आमच्या रत्नागिरीत, ब्रह्मदेशाचा थिबा राजा कैदेत आयुष्य घालवून गेला, त्या गावात ब्रह्मदेशाचा कागद समोर आला की मी जरा जास्त वेळ बघत राहते.

साठवणीबद्दल, कारण कोकणातला पाऊस या धातूंचा शत्रू आहे. लोखंड गंजतं. जस्तावर पांढरी भुकटी धरते आणि एकदा धरली की ती खोलवर जाते. मी आता सगळी युद्धकाळातली नाणी मायलारच्या फ्लिपमध्ये, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या छोट्या खिशांत, घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवते, सिलिका जेलच्या पुड्यांसह, आणि पुड्या पावसाळ्यात बदलते. मऊ, वास येणारे पीव्हीसीचे पाउच अजिबात नकोत, ते तांब्यावर हिरवट चिकट थर चढवतात. चिंच-मीठ, भांड्यांची पावडर, ब्रश, काहीही नको. जस्ताचं नाणं घासलं तर त्याचा मूळ पृष्ठभाग कायमचा जातो. नोटा कागदी अल्बममधून काढून पॉलिप्रॉपिलीनच्या खिशांत घातल्या आहेत आणि कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढलं आहे.

पुढच्या काही महिन्यांसाठी यादी अशी. जर्मनीतल्या साक्सनीची, मायसेनच्या चिनीमातीच्या कारखान्यातली १९२१ ची नाणी, बॉटगर नावाच्या तपकिरी दगडी चिनीमातीची, मागे दोन तलवारींची खूण. वीस फेनिग मिळालं तरी खूप, आणि त्यासाठी दोन महिने साठवायची तयारी आहे. दुसरं, सौराष्ट्रातल्या संस्थानांची दुसऱ्या महायुद्धातली पुठ्ठ्याची कॅश कूपन, विशेषतः जुनागढची. यात नकली माल आहे, म्हणून हाताळून पाहिल्याशिवाय घेणार नाही. तिसरं, हैदराबाद संस्थानाची एक रुपयाची नोट, जिच्यावर उर्दू, तेलुगू आणि कन्नडच्या सोबत मराठीतही किंमत लिहिलेली असते. ती बजेटच्या बाहेर आहे, पण फाटकी, चिकटवलेली प्रतसुद्धा मला चालेल. आणि ते पन्नास सांतीम. माझ्याकडे डबल म्हणून लोखंडी पाच फेनिग, डच जस्ताचं चौकोनी पाच सेंट आणि १९४३ चे भोकाचे पैसे आहेत. अदलाबदल करायला आवडेल.