वेल्डहोवनात कल्हई

परवा शनिवारी शेजारच्या आजोबांच्या शेडमध्ये मी पातेल्याला कल्हई केली. गेल्या सहा वर्षांत नेदरलँड्समध्ये केलेलं हे माझं सगळ्यात भारी काम, आणि त्याचा पगार मिळाला नाही.

पातेलं आजीचं. पितळेचं, काठावर तिचं नाव ठोकलेलं, त्यातली एक वेलांटी चुकलेली. दिवाळीला कोल्हापूरला घरी आले होते तेव्हा आईने ते दोन साड्यांत गुंडाळून बॅगेत कोंबलं. (तिकडच्या बायका बोलतात तसं घरी फोनवर मी अजून 'आलो, गेलो, जेवलो'च म्हणतो. लिहिताना पुण्याच्या लोकांना घाबरून 'आले, गेले' करते.) इथे येऊन बघते तर तळाची कल्हई उडालेली, आतून पिवळं पितळ डोकावतंय. होळी तोंडावर. त्यात कटाची आमटी केली असती तर चिंचेने कळकली असती. 'कळकणे'ला डच भाषेत काय म्हणतात हे शोधण्यात एक अख्खी संध्याकाळ गेली. नाहीच सापडलं.

शेजारचे आजोबा दिव्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. आमचं वेल्डहोवन आइंडहोवनला लागून, आणि हा सगळा टापू मुळात दिव्यांचाच, १८९१ पासून फिलिप्सचा. त्यांना पातेलं दाखवून म्हटलं, आतून कथील लावायचंय. म्हणाले, "कथील? मग गाव बरोबर निवडलंस."

ते असं म्हणाले कारण आमच्या घरापासून सायकलच्या टप्प्यात एएसएमएल आहे. एआयच्या डेटा सेंटरमधल्या, महागड्या मोबाइलमधल्या सगळ्यात पुढच्या चिपा ज्या यंत्राने छापतात, ते जगात ही एकच कंपनी करते. आणि त्या यंत्राच्या पोटात असतं कथील. वितळलेल्या कथिलाचे केसाहून बारीक थेंब, सेकंदाला ५०,०००. प्रत्येक थेंबाला लेझरचे दोन फटके. पहिल्याने थेंब पापडासारखा चपटा होतो, दुसऱ्याने त्याचा प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित धगधगता वायू होतो, आणि त्यातून १३.५ नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) तरंगलांबीचा प्रकाश निघतो. हा प्रकाश हवा गिळते, काचही गिळते. म्हणून सगळा कारभार निर्वातात, आणि भिंगांऐवजी आरसे, तेही जर्मनीतल्या झाइसने घडवलेले. एवढं सगळं झाल्यावर सिलिकॉनच्या चकतीवर नक्षी उमटते. नव्या मॉडेलची किंमत साधारण ३५ कोटी युरो, आपले साडेतीन हजार कोटी रुपये धरा.

मी तिथे कामाला नाही. आमची कंपनी त्यांना माल देणाऱ्यांना माल देणाऱ्यांना माल देते. घरी मात्र सगळ्यांच्या लेखी मी 'चिपच्या कंपनीत' आहे, आणि मी ते कधी खोडून काढलेलं नाही.

कथिलाची शिसं नसलेली कांडी ऑनलाइन मिळाली. अडलं ते नवसागरावर, त्याच्याशिवाय कथील पितळेला धरत नाही. 'अमोनियम क्लोराइड' म्हटल्यावर आजोबा उठून आत गेले आणि गोळ्यांचं पाकीट घेऊन आले! इथे ज्येष्ठमधाच्या काळ्या गोळ्या खातात, त्यातल्या खारट गोळ्यांत सालमियाक असतं, आणि सालमियाक म्हणजे आपला नवसागर. लहानपणी कल्हईवाल्याच्या ज्या पुडीला हात लावला म्हणून आजीने धपाटा घातला होता, ती वस्तू हे लोक चघळत टीव्ही बघतात. पोटभर हसून झाल्यावर त्यांनी ड्रॉवरमधून सोल्डरिंगचं टोक साफ करायची नवसागराची वडी काढली.

मग वडिलांना, म्हणजे आप्पांना, व्हिडिओ कॉल लावला. आप्पा कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत, आमच्या मशीन शॉपमध्ये, मागे लेथचा आवाज. कथील २३२ अंशांना वितळतं, तेवढं आजोबांच्या जुना रंग काढायच्या बर्नरलाही जमतं. पातेलं तापायला लागलं.

"जाळ कमी कर म्हणावं त्याला. कथील जळंल."

मी भाषांतर करायच्या आत आजोबांनी बर्नर बारीक केला होता. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता, पण दोघंही एकाच ठिकाणी बघत होते, पितळेच्या रंगाकडे. कांडी टेकवली. टोक गळलं आणि एक थेंब पाऱ्यासारखा तळावर घरंगळला. "पूस, पूस, पूस की!" आप्पा चार हजार मैलांवरून ओरडले. चिंधी फिरवली. पांढरा धूर, तो वास, आणि पिवळ्यावरून चंदेरी हात फिरत गेला. मी खोकत होते की रडत होते याचा निकाल लागलेला नाही.

आता चिडचिड. या गावाचं मला कौतुक वाटतं आणि त्याच कौतुकाचा रागही येतो. दीडशे टनांचं यंत्र इथून जगभर जातं आणि गावात त्याची एक कमान नाही. बेकरीत विचारलं तर "हो, तिथे मशिनी करतात", आणि पुढचा प्रश्न, पाव कापून देऊ का. आजोबांचा स्वतःचा जावई तिथे आहे. हे मला तीन वर्षांनी कळलं, तेसुद्धा त्याची सायकल पंक्चर झाली म्हणून. आपल्याकडे कोल्हापुरात असं यंत्र निघालं असतं तर शिरोली नाक्यापासून दसरा चौकापर्यंत डिजिटल फलक लागले असते. ट्रॅक्टरवर यंत्र, पुढे हलगी, वर जेसीबीतून गुलाल, फलकावर पन्नास चेहरे आणि त्यातल्या एकानेही आयुष्यात स्क्रू पिळलेला नाही. पहिली दोन वर्षं मी इथल्या साधेपणावर भाळले होते. आईला सांगायचे, बघ, काम करणारी माणसं बोलत नाहीत. आता वाटतं, बोला की जरा! फलक लागला तर पोरं विचारतात तरी, हे काय आहे म्हणून. ही कंपनी १९८४ साली फिलिप्सच्या इमारतीशेजारच्या गळक्या शेडमध्ये सुरू झाली. गळकी शेड! उद्यमनगरातल्या माणसाला याच्याइतकी जवळची गोष्ट दुसरी कुठली? आपण असतो तर त्या शेडच्या नावाने दरवर्षी नारळ फोडला असता.

तसे आपणही नको तिथे गप्प बसतो म्हणा. बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास कोल्हापुरात स्वतः सिनेमाचा कॅमेरा घडवला. प्रकाश धरून नक्षी उमटवायचं यंत्रच की ते. ऑफिसात मी हे एकदा मोठ्या हौसेने सांगितलं. एकजण म्हणाला, "इंटरेस्टिंग." इथे 'इंटरेस्टिंग' म्हणजे विषय संपला.

दिवाळीत गंगावेशीत दूध कट्ट्यावर गेलो होतो, मी आणि चुलतभाऊ. म्हैस समोर, धारोष्ण दुधाचा ग्लास हातात, त्याच्या मिशीला फेस.

"ताई, गुजरातेत धोलेऱ्यात टाटा २८ नॅनोमीटरची चिप करणार म्हणं. तुमच्याकडं दोनची चाललीया. म्हंजे आपण लईच मागं की."

माझा ग्लास तसाच राहिला. त्याला म्हटलं, अरे, उसाच्या ८६०३२ जातीत कुणी शहाऐंशी हजार कांड्या मोजतं का? तसं हे 'दोन नॅनोमीटर' आता मोजमाप राहिलेलं नाही, पिढीचं नाव झालंय. आणि २८ ला कथिलाचं यंत्रच लागत नाही, आधीच्या प्रकाशावर भागतं. तुझी गाडी, विजेचं मीटर, वॉशिंग मशीन, यांना कुठे दोनची चिप लागते? मोहालीत १८० नॅनोमीटरवर इस्रोची विक्रम ३२०१ चिप झालीय, ती रॉकेटसाठी आहे. रॉकेट उडतंय आणि तू जुनं मॉडेल म्हणतोस? बोलता बोलता मी टाटांची वकील झाले होते.

त्याने मिशी पुसली. "मग तू हितंच का न्हाई राहिलीस?"

मी म्हटलं, तेव्हा इकडे असं काही नव्हतं. मग म्हटलं, शिकून परत यायचंच आहे. मग म्हटलं, कर्ज आहे घराचं. तीन वेगळी उत्तरं झाली हे मला घरी पोचल्यावर लक्षात आलं. त्याला तिथेच आलं असणार.

शॉपमध्ये वेगळीच भानगड. धाकट्या भावाला ओतीव जॉब, म्हणजे साच्यात ओतलेले भाग, तपासायला एआयचा कॅमेरा बसवायचाय, ब्लो होल, म्हणजे ओतताना हवेने पडलेलं भोक असलेला जॉब आपोआप बाजूला काढणारा. आप्पा हातोडीने जॉबवर टकटक करतात, कान देतात, आणि आवाज बद्द आला की फेकतात. भावाचं म्हणणं, आप्पांचा उजवा कान गेलाय. आप्पांचं म्हणणं, डावा आहे की चांगला. माझं मत विचारलं तेव्हा मी दोघांना वेगवेगळं सांगितलं. खरं मत असं, की कॅमेऱ्याला वरचं भोक दिसेल, आतली चीर दिसणार नाही. कॅमेरा घ्या आणि हातोडीही ठेवा. पण हे तिथे बोलायला मी रोज तिथे असायला हवी.

क्वांटम संगणकाचं, म्हणजे जो म्हणे एक दिवस सगळी डिजिटल कुलपं फोडणार, त्याचं विचारू नका. २०२४ च्या डिसेंबरात गूगलने १०५ क्यूबिटची (क्यूबिट म्हणजे क्वांटम संगणकाचा बिट) विलो चिप जाहीर केली आणि घरच्या ग्रुपवर काकांचा निरोप, 'सगळ्यांनी बँकेचे पासवर्ड बदला.' १०५ क्यूबिटनी कुणाचं खातं फुटत नाही. काकांचा पासवर्ड त्यांच्या स्कूटरचा नंबर आहे, तो वाण्याचं पोरगंही फोडेल.

तर होळी. पोळ्या झाल्या, कट काढला, चिंच कोळली, पातेलं शेगडीवर ठेवलं. शेगडीने टीक टीक केलं आणि बंद. परत ठेवलं, परत टीक टीक. २०१८ च्या जुलैपासून इथे नव्या घरांना गॅसची जोडणी देत नाहीत. आमचं घर नवं, शेगडी इंडक्शनची, आणि इंडक्शनला पितळ भांडं म्हणून ओळखूच येत नाही. मी मेकॅनिकल इंजिनियर आहे. दोन आठवडे कथील, नवसागर, प्लाझ्मा करत फिरत होते, आणि हे एकदाही डोक्यात आलं नाही.

आमटी स्टीलमध्ये केली. मग पितळी पातेल्यात ओतली, वर कोथिंबीर टाकली, फोटो काढला आणि आप्पांना पाठवला.

दोन मिनिटांत फोन.

"कल्हई झ्याक धरलीया. पर बूड लई चकचकीत दिसतंय गं. जाळावर ठेवलंवतंस का तरी?"