हा खरंच लंगडतोय

"अगं, हा खरंच लंगडतोय." आई मेथी निवडता निवडता म्हणाली. टीव्हीवर 'मिशन इम्पॉसिबल: फॉलआउट' चालू होता. लंडनमधला, गच्चीवरून गच्चीवर उडी मारायचा प्रसंग.

आईला यातलं काहीच माहीत नव्हतं. ऑगस्ट २०१७ मध्ये याच उडीत टॉम क्रूझचा घोटा मोडला. पाय भिंतीवर आदळला, तरी गडी वर चढला आणि लंगडत कॅमेऱ्यासमोरून गेला. शूटिंग कित्येक आठवडे थांबलं, पण २०१८ साली पडद्यावर आला तो हाच शॉट.

मी हे सांगितल्यावर आई म्हणाली, "हिरोचं सगळ्यांना कळतं गं. बाकीच्यांची हाडं मोडली तर?"

हे वाक्य काही केल्या डोक्यातून जात नाहीये. त्या घोट्यावर किती मुलाखती झाल्या! दोर सांभाळणारे, उडीचं गणित बसवणारे मात्र शेवटच्या पाटीवर सरकून जातात, आणि तोवर आपण उठलेलो असतो. ऑस्करने स्टंटसाठी वेगळा पुरस्कार जाहीर केला २०२५ मध्ये. मिळणार २०२८ ला, शंभराव्या सोहळ्यात. इतका उशीर! आपल्या राष्ट्रीय पुरस्कारांनी तो मान २०१७ मध्येच दिला, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

तुम्हाला एका तरी फाइट मास्टरचं नाव सांगता येईल?