देवाणघेवाणीत आलेले घेवडे ओळखताना

बियांच्या देवाणघेवाणीतून मागच्या हंगामात माझ्याकडे घेवड्याच्या म्हणून सात पुड्या आल्या. चारांवर वाणाचे नाव होते, दोन कोऱ्या होत्या आणि एकीवर केवळ ‘आजीचा’ एवढेच लिहिले होते. नाव लिहिलेल्या पुड्यांवर मी नको तितकी विसंबले. त्यांतल्या दोन पुड्यांमधले काळे दाणे तळहातावर शेजारी शेजारी ठेवल्यावर मला तसूभरही फरक दिसला नाही, त्यामुळे एकाच वाणाची ही दोन नावे असावीत असे मी धरून चालले. वाफे मात्र वेगळे ठेवले होते, हे बरे झाले. काही आठवड्यांतच एका वाफ्यातील वेलांनी काठ्यांना वेढे घातले, तर दुसऱ्या वाफ्यातील रोपे गुडघ्याएवढी होऊन शेंड्यावरच फुलली आणि त्यांची वाढ थांबली. दाणा सारखा असला तरी वाण दोन होते.

वाणाचा शोध घेण्याआधी जात पक्की करावी लागते, कारण कितीतरी पिकांचे दाणे ‘घेवडा’ याच नावाखाली फिरतात. एका कोऱ्या पुडीतील टपोऱ्या, जांभळ्यावर काळे शिंतोडे असलेल्या दाण्यांचा उलगडा उगवणीच्या दिवशीच झाला. साध्या घेवड्याची दोन्ही दले माती फोडून वर येतात; या रोपांची दले मातीतच राहिली आणि वर थेट पाने आली. तो रनर घेवडा होता, म्हणजे साध्या घेवड्याच्या नात्यातली पण वेगळी जात. त्याचे परागीभवन मधमाश्यांमार्फत मोठ्या प्रमाणावर होते, त्यामुळे शेजारी दुसरा रनर घेवडा असला तर बी शुद्ध राहील याची खात्री देता येत नाही.

‘आजीचा’ घेवडा हा खरे तर वाल निघाला. दाण्याच्या एका कडेला उठून दिसणारी पांढरी रेघ पाहून संशय आला होता, पण मी फुलाची वाट पाहिली. फूल चिमटीत धरून वरची मोठी पाकळी आणि बाजूचे पंख नखाने अलगद दूर केले की तळाशी होडीसारख्या जुळलेल्या दोन पाकळ्या दिसतात. घेवड्यात ही होडी गोगलगाईच्या शंखासारखी पिळलेली असते. वालात ती काटकोनात वळते. एवढे पाहिल्यावर शंकेला जागा उरत नाही.

सर्वांत जास्त शिकवले ते ठिपकेदार दाण्याच्या पुडीने. पेरलेले आठही दाणे एकसारखे होते. सहा वेलांना तसेच ठिपकेदार दाणे आले आणि दोघांना संपूर्ण गडद तपकिरी. संकर माझ्या बागेत झाला असे मी प्रथम मानले, पण ते शक्य नव्हते. दाण्याचे बाहेरचे आवरण हा आईच्या झाडाचा भाग असतो, आतला गर्भ तेवढा नव्या पिढीचा. म्हणून या हंगामात झालेला संकर या हंगामाच्या दाण्याच्या रंगात दिसत नाही, तो पुढच्या पिढीच्या दाण्यांवर उमटतो. म्हणजे मधमाशी आली होती ती बी देणाऱ्या बाईंच्या वेलांवर, आणि हातातले दाणे पाहून त्यांना ते कळण्याचा काही मार्गच नव्हता. याच कारणाने पांढरा दाणा पेरून घेवड्याला जांभळे फूल आले, तर शेंग धरण्याआधीच त्या वेलाला खूण बांधावी, कारण पांढऱ्या दाण्याच्या घेवड्याची फुलेही पांढरीच असतात.

आकाराच्या बाबतीत मी आता फार सावध असते. डॅनिश शास्त्रज्ञ विल्हेल्म योहानसेन यांनी ‘प्रिन्सेस’ नावाच्या घेवड्यावर केलेले प्रयोग 1903 मध्ये प्रसिद्ध झाले. एकाच शुद्ध वंशातील, म्हणजे स्वपरागीभवनाने एकाच झाडापासून आलेले, मोठे दाणे पेरले काय किंवा लहान पेरले काय, पुढच्या पिढीच्या दाण्यांचे सरासरी वजन तेच राहते, हे त्यांनी दाखवून दिले. म्हणून मी सुटा दाणा मोजत नाही, शंभर दाणे एकत्र तोलते: 25 ग्रॅमपेक्षा कमी भरले तर लहान, 40 ग्रॅमच्या वर भरले तर मोठे. छायाचित्रही शेंगा सोलल्यावर लगेच काढते, कारण फिकट पिवळसर दाणे साठवणीत तपकिरी पडत जातात आणि वर्षभराने तोच वाण अनोळखी वाटू लागतो.

चित्राशी जुळतो म्हणून एखादे प्रसिद्ध नाव दाण्याला चिकटवण्याचा मोह मला ठामपणे चुकीचा वाटतो. ती पुडी पुढे दहा घरी जाते, आणि देणाऱ्याने वर्षानुवर्षे जपलेले मूळ नाव कायमचे पुसले जाते. मी आता देणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे लिहिते आणि त्याखाली वेलाची सवय, फुलाचा रंग, कोवळ्या व वाळलेल्या शेंगेचे वर्णन आणि शंभर दाण्यांचे वजन. त्या दोन वेलांचे तपकिरी दाणे वेगळ्या पुडीत आहेत. पुढच्या हंगामात त्यांतून किती प्रकारचे दाणे फुटून निघतात ते पाहण्यासाठी एक अख्खा वाफा राखून ठेवला आहे. आठ वेलांचा हा हिशेब मी बी देणाऱ्या बाईंनाही कळवला आहे, म्हणजे त्यांच्या डब्यातील बी पेरताना त्याही प्रत्येक वेलाच्या शेंगा वेगळ्या तोडतील.